सोबती 'नाही' म्हणतो तेव्हा: फँटसी गेममधली पात्रं कशी घडतात

१९९९ साली आलेल्या 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' या गेममध्ये एक बारीकशी युक्ती आहे. समोरचं पात्र तुम्हाला काहीतरी विचारतं, पडद्यावर उत्तरांचे पर्याय येतात आणि त्यातले दोन पर्याय कधीकधी शब्दन्‌शब्द सारखे असतात. समजा, 'मी परत येईन.' एकाच्या आधी 'खरं' असं लिहिलेलं, दुसऱ्याच्या आधी 'खोटं'. ऐकणाऱ्याच्या कानावर दोन्ही वेळा तेच शब्द पडतात. पण तुम्ही कुठली ओळ निवडली ते गेमनं टिपून ठेवलेलं असतं आणि त्यानुसार तुमच्या नायकाचा स्वभाव हळूहळू एका बाजूला कलत जातो.

पहिल्यांदा त्या दोन ओळींसमोर मी बराच वेळ थांबलो होतो. शब्द तेच, ऐकणाऱ्याचं उत्तरही तेच. मग मला ठरवायचं होतं ते नेमकं काय? तर नायकाच्या मनात काय आहे ते. कादंबरी वाचताना हे काम कधी आपल्यावर पडत नाही. नायक खोटं बोलतोय की खरं, हे लेखक सांगतो आणि आपण ते मान्य करून पुढचं पान उलटतो. इथे लेखकानं वाक्य लिहिलं, पण त्यामागचा हेतू माझ्यावर सोपवला. गेममधली पात्रं लिहिणं हा कादंबरीपेक्षा किती वेगळा उद्योग आहे, ते मला त्या दिवशी समजलं.

तोच उद्योग आज सोपा करून सांगायचा आहे. वाटेत काही गेमच्या कथा उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांना त्या स्वतः खेळून अनुभवायच्या असतील त्यांनी आधी खेळून घ्यावं. मी मनापासून सांगतोय, या गोष्टी ऐकण्यापेक्षा अंगावर घेण्यात जास्त सुख आहे.

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम. खेळणारा एक भूमिका घेतो आणि ती निभावतो. याचं मूळ कागद, पेन्सिल आणि फाशांच्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला. टेबलाभोवती बसलेल्या मंडळींपैकी एकजण ते काल्पनिक जग चालवायचा आणि बाकीचे त्या जगातली माणसं व्हायचे. हा प्रकार संगणकावर आला तेव्हा जग चालवणारा माणूस गेला आणि त्याच्या जागी आधीच लिहून ठेवलेली वाक्यं आली. सगळी अडचण तिथून सुरू होते. टेबलावरचा माणूस तुमचं काहीही बोलणं ऐकून त्यावर आयत्या वेळी उत्तर देऊ शकतो. गेमच्या लेखकाला मात्र तुम्ही काय काय बोलाल, काय काय कराल, याचा अंदाज कितीतरी आधी बांधून ठेवावा लागतो.

ते कसं करतात? एक उदाहरण घेऊ. हे माझं आहे, कुठल्या गेममधलं नाही. एका पुलावर पहारेकरी उभा आहे. तुम्ही पहिल्यांदा आलात तर तो तुम्हाला अडवून नाव विचारेल. इतपत ठीक. पण तुम्ही आधी जंगलातून आला असाल, तिथे त्याचा भाऊ तुम्हाला भेटला असेल तर? त्या भावाशी तुमचं भांडण होऊन तो मेला असेल आणि त्याच्या हातातलं कडं आता तुमच्या हातात असेल तर? किंवा तुमच्याबरोबर चालणारा सोबती त्या भावाचा जुना मित्र असेल तर? गेम अशा प्रत्येक गोष्टीची खूण करून ठेवतो: भाऊ भेटला, हो, भाऊ मेला, हो, कुणी मारला, तुम्ही, कडं कुठे आहे, तुमच्याकडे. पहारेकऱ्याच्या प्रत्येक वाक्यामागे अशी एखादी अट लावलेली असते. अट जुळली तर ते वाक्य बाहेर येतं, नाहीतर दुसरं. याला डायलॉग ट्री म्हणतात, कारण एका खोडातून फांद्या फुटाव्यात तसं संभाषण फुटत जातं.

आता लेखकाच्या जागी बसून बघा. एका फांदीवर हा पहारेकरी तुम्हाला हसून वाट देतो. दुसऱ्या फांदीवर तो कड्याकडे बघतो, गप्प होतो आणि एवढंच विचारतो, 'हे कुठे मिळालं?' तिसऱ्या फांदीवर तो तलवार उपसतो. तिन्ही ठिकाणी माणूस एकच वाटला पाहिजे. हसणाऱ्या पहारेकऱ्यातही तो गप्प होणारा माणूस कुठेतरी दिसला पाहिजे, भले त्या खेळाडूला ती दुसरी फांदी जन्मात दिसणार नसेल. म्हणून गेमपुरती मी स्वभावाची व्याख्या अशी करतो: सगळ्या फांद्यांवर मिळून जे बदलत नाही, तो स्वभाव. कादंबरीकाराला पात्र एकदा जगवावं लागतं. गेमच्या लेखकाला तेच पात्र दहा वेगवेगळ्या आयुष्यांत जगवून त्याची ओळख शाबूत ठेवावी लागते. 'टॉर्मेंट'मधला मजकूर सुमारे ८ लाख शब्दांचा असल्याचं सांगितलं जातं. कितीही मन लावून खेळलं तरी एका खेपेत त्यातलं बरंच वाचायचं राहून जातं.

नायकाचं एक वेगळंच आहे. त्याला फार घट्ट स्वभाव देता येत नाही, कारण तो खेळणाऱ्याचा असतो. तो भित्रा आहे असं लेखकानं ठरवलं आणि खेळणारा निधड्या छातीनं पुढे गेला, की सगळं बिनसतं. म्हणून बहुतेक फँटसी आरपीजींत नायक थोडा कोरा ठेवतात आणि लेखनाचा सगळा जीव त्याच्या सोबत्यांत ओततात. चांगला सोबती ओळखायची माझी कसोटी साधी आहे. तो मला कधी 'नाही' म्हणतो का? मी सांगेन तिथे येतो, सांगेन त्याला मारतो आणि वर माझं कौतुक करतो, तो सोबती म्हणजे बोलणारी तलवार. त्याला नकार देता येतो तेव्हाच त्याच्या आत माझ्या मर्जीपलीकडचं काहीतरी आहे, याची खात्री पटते.

आता थीमकडे वळू. मराठीत आपण याला आशयसूत्र म्हणतो. अनेकांना वाटतं, आशयसूत्र म्हणजे गोष्टीतून दिलेला संदेश: मैत्री श्रेष्ठ आहे, सत्तेनं माणूस बिघडतो, वगैरे. एवढंच असेल तर ते पाटीवर लिहूनही सांगता येईल. मला वाटतं, चांगल्या गेममध्ये आशयसूत्र हा एक प्रश्न असतो आणि प्रत्येक सोबती हे त्या प्रश्नाचं एकेक जिवंत उत्तर असतं. उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत आणि गंमत त्या न जुळण्यातच आहे.

लारियन स्टुडिओजचा 'बाल्डर्स गेट ३', २०२३ सालचा, या नजरेनं बघा. वरवर पाहिलं तर डोक्यात शिरलेल्या एका किड्याची ही गोष्ट आहे. तो किडा माणसाला आतून पोखरून भलत्याच प्राण्यात बदलून टाकतो. पण सोबत्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे त्याच्या मालकाचं नाव लिहा. अ‍ॅस्टेरियन, मालक कॅझाडोर हा व्हॅम्पायर. शॅडोहार्ट, मालकीण शार ही देवी. लाझेल, मालकीण तिच्या लोकांची राणी व्लाकिथ. विल, ज्याचा करार मिझोरा या सैतानी बाईशी झालाय. कार्लाक, जिला झॅरिएल या नरकातल्या सैतानी सरदारणीनं युद्धात राबवलं आणि छातीत हृदयाच्या जागी इंजिन बसवलं. गेल, ज्याला मिस्ट्रा या देवीनं आधी जवळ केलं आणि मग दूर लोटलं. सहाच्या सहा जणांच्या आयुष्यावर कुणीतरी हक्क सांगितलेला आहे. आणि डोक्यातला किडा? तोही तेच करू पाहतोय. वर ताकदीचं आमिषही दाखवतोय. म्हणजे गेमचा प्रश्न एकच: तुझ्यावर मालकी कुणाची, आणि ती झुगारायची ताकद हाती आली तर तू स्वतः कसला मालक होशील?

हा प्रश्न कुठलंही पात्र भाषण ठोकून विचारत नाही. तो कसा विचारला जातो, ते एका प्रसंगात जवळून बघण्यासारखं आहे.

गेमच्या दुसऱ्या अंकात मूनराइझ टॉवर्समध्ये अराज नावाची एक ड्राउ, म्हणजे काळ्या एल्फ वंशाची बाई भेटते. रक्ताचा व्यापार करते. अ‍ॅस्टेरियन व्हॅम्पायर आहे हे ओळखून ती म्हणते, याला मला चावू द्या, मी बदल्यात एक औषध देते. ते औषध काही साधंसुधं नाही. ते प्यायल्यावर ताकद दोन अंकांनी वाढते आणि कायमची वाढते. या गेममध्ये दोन अंक म्हणजे फार मोठी गोष्ट. खेळाडू त्यासाठी काय वाटेल ते करतात. अ‍ॅस्टेरियन म्हणतो, नको. तिच्या रक्तात काहीतरी गडबड आहे, मला नाही चावायचं. आणि मग तुमच्यासमोर पर्याय येतो: त्याला भरीला घालायचं की नाही.

हा अ‍ॅस्टेरियन कोण, हे आठवा. दोनशे वर्षं कॅझाडोरनं त्याला गुलाम म्हणून ठेवलं. त्याचं काम काय, तर रात्री बाहेर पडायचं, आपल्या देखण्या रूपानं माणसं भुलवायची आणि मालकापुढे आणून टाकायची. त्याच्या शरीराचं काय करायचं हे दोनशे वर्षं दुसऱ्यानं ठरवलं. आणि आता तुम्ही, त्याचे मित्र, एका बाटलीसाठी त्याला म्हणताय, अरे एकदाच तर आहे. म्हणालात तर तो करतो, आणि त्यानंतर तुमच्यातलं काहीतरी मोडतं. नाही म्हणालात तर बाटली हातची जाते, पण नंतर तो तुमच्याजवळ येऊन आभार मानतो. नकार देता येतो हेच आपण विसरून गेलो होतो, अशा अर्थाचं तो बोलतो.

मला हा प्रसंग या गेममधला सगळ्यात चोख वाटतो. कारण मोह खरा आहे. ते औषध कथेतल्या पात्राला हवंय असं नाही, ते मला, खेळणाऱ्याला हवंय. माझ्या हावेचा आकडा पडद्यावर लिहिलेला आहे. त्या क्षणी मी कॅझाडोरच्या किती जवळ उभा आहे, हे मला कुणी सांगत नाही. मला ते स्वतःच्याच बोटात जाणवतं. पुढे तिसऱ्या अंकात अ‍ॅस्टेरियनसमोर कॅझाडोरची जागा घ्यायची संधी येते. किंमत ७००० जीव. त्यात त्यानं स्वतः भुलवून आणलेली माणसंही आहेत, इतकी वर्षं तळघरात कोंडलेली. त्याला मदत केलीत तर तो अफाट ताकदवान होतो आणि तुमच्याशी मालकाच्या भाषेत बोलायला लागतो. त्याला थांबवलंत तर तो कॅझाडोरला भोसकत राहतो, भोसकत राहतो आणि मग गुडघे टेकून हमसून रडतो. दोन्ही फांद्यांवर तो तोच माणूस आहे: घाबरलेला, आणि पुन्हा कधीच घाबरायचं नाही म्हणून काहीही करायला तयार असलेला.

आशय नियमातून मांडायची ही रीत नवी नाही. रिचर्ड गॅरियट यांच्या 'अल्टिमा ४'मध्ये, १९८५ साली, शेवटी मारायला कुणी खलनायकच नव्हता. आठ सद्‌गुण अंगी बाणवायचे, हाच खेळ: प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि नम्रता. तिथे जादूचं साहित्य विकणारी एक आंधळी दुकानदार आहे. ती किंमत सांगते आणि किती पैसे ठेवायचे ते तुमच्यावर सोडते. कमी ठेवले तरी तिला दिसत नाही, माल मिळतो. पण तुमचा प्रामाणिकपणा आतल्या आत घटतो. गेम त्या वेळी काहीच बोलत नाही, ही त्यातली खरी मेख. 'टॉर्मेंट'मधल्या त्या 'खरं' आणि 'खोटं'चं बीज मला या दुकानात दिसतं.

'टॉर्मेंट'कडे परत येतो, कारण सोबत्याचं लेखन याहून खोल गेलेलं मी पाहिलेलं नाही. ब्लॅक आयल स्टुडिओजनं तो बनवला, प्रमुख डिझायनर ख्रिस अ‍ॅव्हेलोन. नायकाला नाव नाही. सिगिल नावाच्या शहरातल्या शवागारात एका ओट्यावर तो जागा होतो. त्याला काही आठवत नाही. तो मरतो आणि पुन्हा उठतो; असे त्याचे अगणित अवतार होऊन गेलेत. काही भले, काही वेडे, काही अतिशय क्रूर. गेमचा प्रश्न रेव्हल नावाची एक चेटकीण उघडपणे विचारते: माणसाचा मूळ स्वभाव कशानं बदलू शकतो?

डाक्कॉन हा या नायकाचा एक सोबती. गिथझेराय वंशाचा म्हातारा योद्धा, कमी बोलणारा. गिथझेराय म्हणजे कधीकाळी गुलामीत असलेले आणि ती तोडून बाहेर पडलेले लोक. स्वातंत्र्य हाच त्यांचा धर्म. डाक्कॉनच्या तलवारीचं पातं त्याच्या मनाप्रमाणे बदलतं. मन ठाम तर पातं धारदार, मनात शंका तर पातं मंद. त्याच्याकडे एक चकती आहे, कड्यात कडं अडकवलेली. ती एकेक वळसा देत उघडायची आणि आत कोरलेली शिकवण वाचायची. तुमचा नायक जादू शिकत असेल तर डाक्कॉन त्याला हे धडे देतो. प्रत्येक धड्यानंतर तो विचारतो, तुला काय समजलं? उत्तर पटलं तर पुढचं कडं उघडतं आणि नवे मंत्र मिळतात.

इथवर हा गुरू-शिष्याचा नेहमीचा साचा वाटतो. मग एका टप्प्यावर तुम्ही त्या चकतीत डाक्कॉन कधी पोचलाच नाही इतक्या आत जाता. शिष्य पुढे निघून जातो. गुरू ते खाली मान घालून ऐकतो आणि त्याच्या ध्यानात येतं की इतकी वर्षं आपण ही शिकवण अर्धीच समजून जगलो. त्याची श्रद्धा सावरली, की त्याच्या पात्याचं बळही बदलतं. संवाद, स्वभाव आणि शस्त्राचा आकडा, तिन्ही एकाच दोरीत ओवलेले.

आणि त्याच्याही खाली आणखी एक थर आहे. खोदत गेलात तर कळतं, की डाक्कॉन फार पूर्वी श्रद्धा हरवून मरणाच्या दारात असताना तुमच्याच एका जुन्या, थंड डोक्याच्या अवतारानं ती चकती त्याच्या हातात ठेवली होती. दया म्हणून नव्हे. त्या अवताराला ही तलवार आणि तिचा धनी आपल्या पदरी हवा होता. जीव वाचवल्याबद्दल डाक्कॉननं शपथ घेतली, तुझ्या मरणापर्यंत मी तुझ्यामागे येईन. आणि तुम्ही तर मरत नाही. ज्याच्या धर्मात गुलामी हे सगळ्यात मोठं पाप, तो स्वतःच्या शब्दानं कायमचा गुलाम होऊन बसलाय, आणि मालक तुम्ही.

आता गेमचा प्रश्न पुन्हा वाचा: माणसाचा स्वभाव कशानं बदलू शकतो? डाक्कॉनसमोर उभं राहून तो वाचला की तो तत्त्वज्ञानाचा उरत नाही. तुमच्याच हातांनी केलेला गुन्हा तुम्हाला आठवत नाही. तो केलेला माणूस तुम्ही आहात की नाही? ज्या शिकवणीनं तुम्ही शहाणे झालात तीच मुळात सापळा म्हणून दिली गेली होती. म्हणून ती शिकवण खोटी ठरते का? लेखकानं यातल्या कशाचंच उत्तर दिलेलं नाही. रेव्हलच्या प्रश्नालाही नायकानं मनापासून दिलेलं कुठलंही उत्तर चालतं. तिला फक्त त्याचं स्वतःचं उत्तर ऐकायचं असतं. आणि गेमचा शेवट तलवार न उपसता, निव्वळ बोलण्यानंही करता येतो. बोलणं हेच ज्या गेमचं मुख्य शस्त्र आहे, त्याला हे शोभून दिसतं.

सगळी पात्रं इतकी गुंतागुंतीची असायला हवीत असं मात्र नाही. 'फायनल फँटसी ९', २००० सालचा, त्यातला विवी हा अगदी साधा मुलगा आहे. टोकदार मोठी टोपी, चेहरा अंधारात, नुसते दोन पिवळे डोळे. अडखळत बोलतो, चालताना पडतो. पुढे एका गावाच्या जमिनीखाली त्याला कळतं की त्याच्यासारख्यांना कारखान्यात बनवलं जातं, लढाईत वापरण्यासाठी. आणखी पुढे त्याच्यासारख्यांचीच एक छोटी वस्ती लागते. तिथल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. आणि त्यांच्यातले बरेचजण वर्षभरातच थांबतात. मरतात असं ते म्हणत नाहीत, थांबतात, म्हणतात. विवी हे ऐकतो, आणि त्यानंतरचा सगळा गेम तो आपल्याबरोबर चालत राहतो.

विवीचं लेखन मला फार आवडतं, कारण त्याच्या दुःखाला उत्तर म्हणून गेम त्याला मैत्री देतो आणि ती मैत्रीही नियमात लिहितो. त्याच टोळीत स्टाइनर नावाचा एक ताठर सरदार आहे. राजनिष्ठ, शिस्तीचा, सगळ्यांशी वाद घालणारा. पण विवीशी तो पहिल्यापासून मानानं बोलतो. लढाईत स्टाइनरला विवीची जादू आपल्या तलवारीत घेता येते, आणि विवी बरोबर असेल तरच. त्याला बाहेर ठेवलंत तर स्टाइनरच्या यादीतला तो पर्याय नुसता निरुपयोगी होऊन पडून राहतो. दोघांच्या मैत्रीवर एक वाक्यही न वाचलेला खेळाडू दोघांना कायम एकत्र ठेवायला लागतो, आणि मग ते दोघे खरोखरच एकत्र असतात.

हे सगळं फसतं कुठे? माझ्या मते सगळ्यात जास्त मर्जीच्या हिशेबात. अनेक गेममध्ये सोबती तुमच्यावर किती खूश आहे याचा एक आकडा असतो. २००९ सालच्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'ची पात्रं मोठ्या ताकदीची आहेत, पण तिथे भेटवस्तू देऊन तो आकडा वाढवता येतो. एखाद्या निर्णयावरून सोबती तुमच्यावर मनापासून चिडलेला असतो, आणि दोन-चार वस्तू हातावर ठेवल्या की राग जातो. त्या क्षणी माणूस संपतो आणि नाणं टाकलं की वस्तू देणारं यंत्र उरतं. पुढच्या, २०११ सालच्या भागात बायोवेअर या निर्मात्या कंपनीनं हे सुधारलं. तिथे मैत्रीच्या विरुद्ध टोकाला द्वेष ठेवलेला नाही, चुरस ठेवली आहे. तुमचं एखाद्याशी कधीच पटलं नाही, प्रत्येक गोष्टीत तुम्ही त्याला विरोध केलात, तरी तेही एक घट्ट नातं होऊ शकतं. त्याच गेममध्ये अँडर्स हा सोबती शेवटी एक भीषण स्फोट घडवून आणतो, आणि तुम्ही त्याचे जिवलग असा नाहीतर विरोधक, तो ते करतोच. खेळाडू यावर खूप चिडले होते. मला ते लेखन धीराचं वाटतं. ज्याला स्वतःचं ध्येय आहे, तो प्रत्येक वेळी आपल्या प्रेमाखातर ते सोडणार नाही.

दुसरी फसगत घाईची. जग उद्या बुडणार असं पात्रं कळवळून सांगतात, आणि आपण तीन आठवडे कुणाच्या तरी हरवलेल्या शेळ्या शोधत फिरतो. आशय एक सांगतो, नियम दुसरं. यावर चोख तोडगा मी फारसा कुठे पाहिला नाही.

पश्चात्तापाबद्दल एक प्रसंग सांगायचा राहिला. 'द विचर ३', २०१५ सालचा. त्यातला ब्लडी बॅरन दारू पिऊन बायकोला मारणारा माणूस आहे. बायको आणि मुलगी दोघीही निघून गेल्यात. गर्भातच गेलेलं त्याचं मूल पिशाच्च होऊन परत आलंय. त्याला शांत करण्याचा एक मार्ग असा, की बॅरननं त्याला स्वतःच्या हातांत घेऊन घरापर्यंत चालत जायचं, उंबऱ्याशी पुरायचं आणि नाव ठेवायचं. रात्रीच्या पावसात तो ते वेडंवाकडं, गुरगुरणारं बाळ छातीशी धरून चालतो आणि आपण शेजारून चालतो. गेम त्याला माफ करत नाही. त्याला चांगलाही ठरवत नाही. त्याच्यातला मारणारा हात आणि बाळ धरणारा हात, दोन्ही एकाच माणसाचे आहेत, एवढंच दाखवून गप्प राहतो.

गप्प राहण्यावरून शॅडोहार्ट आठवली. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये तिच्या देवीनं तिच्या आठवणी पुसून टाकल्यात. आपण हे स्वखुशीनं केलं, असं तिला वाटतं. देवीच्या सेवेत वरची पायरी मिळवायची तर तिला नाइटसाँग नावाच्या एका कैद्याला भाल्यानं मारायचं आहे. तो क्षण येतो. भाला तिच्या हातात, कैदी समोर, आणि तुमच्या पर्यायांची यादी पडद्यावर. तुम्ही तिला समजावू शकता, अडवू शकता, भरीला घालू शकता. इतका वेळ गेमनं तुम्हाला बोलायचीच सवय लावलेली असते. योग्य वाक्य निवडलं की जग सुधारतं हेच शिकवलेलं असतं.

त्या यादीत तिच्यावर विश्वास ठेवून निर्णय तिच्यावर सोडायचाही एक पर्याय आहे. मी तो निवडला. गेमनं आमच्या सगळ्या प्रवासाच्या खुणा तपासल्या असतील: तिच्या हातावरच्या जखमेबद्दल मी किती विचारलं, ती रागावली तेव्हा काय म्हणालो, तिला तिचं गुपित सांगायला किती वेळ दिला. मला यातलं काहीच दिसत नव्हतं. मला फक्त ती दिसत होती, भाला उगारलेली, बराच वेळ. मग तिनं भाला दरीत भिरकावून दिला.